फोटोत माणूस नको

चाळिशी उलटल्यावर नवऱ्यानं उंच मोटरसायकल घेतली तेव्हा मी काही बोलले नाही. त्या वयात काहीजण अचानक निवडणुकीला उभे राहतात, काहीजण कुणाच्या तरी नादी लागतात. त्या मानानं गाडी बरी, अशी मी मनाची समजूत घातली. ती समजूत किती भाबडी होती ते मला पुढच्याच रविवारी कळलं. तोंडावर मी त्याला अहोजाहोच करते. इथं लिहिताना ‘तो’ म्हणते आहे. वैतागलेल्या बाईला एवढी सवलत असावी.

आमचं लोहाऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे आणि मी जवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. सोमवार ते शनिवार नवरा खिळे, पाइप, रंगाचे डबे आणि नळाच्या तोट्या विकतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, दुपारी घरी येऊन जेवून वामकुक्षी घेतो. चारचौघांसारखा माणूस. रविवारी पहाटे मात्र त्याच्या अंगात काहीतरी शिरतं. गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, पाठीत प्लास्टिकचा कणा बसवलेलं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट, हेल्मेटवर कॅमेरा. एवढा सगळा साज चढवून तो कुठं जातो, तर नळदुर्गला. नळदुर्गला आमच्या शाळेची सहल एसटीनं जाते आणि पोरं पायात स्लिपर घालून अख्खा किल्ला हिंडून येतात. शिवाय त्या गाडीवर चढायला त्याला आमच्या अंगणातला कट्टा लागतो. ही गोष्ट त्याच्या ग्रुपमध्ये कुणाला ठाऊक नाही.

ग्रुपमधले सगळे साधारण त्याच्याच वयाचे. ॲडमिन जळकोटचा, त्याचं हायवेला मेडिकल दुकान आहे. एकजण ढोकीचा, साखर कारखान्यात कामाला. माझं माहेर ढोकी, म्हणून तो मला ताई म्हणतो, पण त्यानं काही फरक पडत नाही. बाकीचे आमच्याच गावातले. ग्रुपचं नाव इंग्रजीत आहे आणि त्यात वाघ, वारा आणि रस्ता असे तिन्ही शब्द आहेत.

सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक फिरायला जातात. पण ते फिरायला जात नाहीत, फोटोला जातात. एकदा मी हौसेनं मागच्या सीटवर बसून येडशीच्या घाटापर्यंत गेले होते, तेव्हा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दर वळणावर थांबायचं. गाडी तिरकी लावायची. पुढचं चाक डावीकडं वळवायचं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. मग रस्ता रिकामा व्हायची वाट बघायची. उसाचा हंगाम होता. ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागं एक, मोठ्यानं गाणी लावून चाललेले, आणि हे सगळे रस्त्याच्या कडेला मोबाईल धरून खोळंबलेले. मी उन्हात सगळ्यांची जॅकेटं हातांवर घेऊन उभी. तरी मेडिकलवाल्यानं मला सांगितलंच, वहिनी, जरा मागं सरका, तुमचा पदर येतोय. त्या दिवसापासून मी गाडीवर बसले नाही.

गाडी घरी आल्यावर धुवायची नाही, असाही एक नियम आहे. फोटोत चिखल दिसला पाहिजे. आता आमच्याकडं चिखल काही बारा महिने नसतो. एका उन्हाळ्यात मी शाळेतून आले तर नवरा अंगणात बादलीत काळी माती कालवून ती रंगाच्या ब्रशनं गाडीच्या चाकांवर उडवत होता. ब्रश दुकानातला, नवा. मी विचारलं तर म्हणाला, टेक्श्चर. पवनचक्क्या फोटोत चालतात, विजेचे खांब चालत नाहीत. याचं कारण विचारल्यावर मला सौंदर्यदृष्टी नाही असं घरात ठरलं. रविवार संपला की सोमवारी सकाळपासून ग्रुपवर फोटोंचा पाऊस. माळरानावर गाडी. तळ्याच्या काठावर गाडी. सूर्यफुलात गाडी. खाली ‘खतरनाक’, ‘जबरदस्त’, ‘लोकेशन पाठवा’. लोकेशन विचारणारा माणूस त्याच फोटोच्या वेळी तिथंच उभा होता, हे मला पक्कं ठाऊक असतं.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे माणसाचा नियम. आधी हे लोक गाडीपुढं हाताची घडी घालून स्वतःचे फोटो टाकायचे. मग मेडिकलवाल्यानं कुठंतरी परदेशातले फोटो पाहिले. त्यांत नुसता डोंगर, नुसतं आभाळ आणि एक गाडी. त्यानं फतवा काढला की यापुढं फोटोत माणूस चालणार नाही. ज्याच्या फोटोत माणूस दिसेल त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना मिरचीची भजी चारायची. भजी काही फार मोठी गोष्ट नाही, पण हसं होतं ना. तेव्हापासून सगळे एकमेकांच्या फोटोत माणूस शोधतात. लांबच्या बांधावर कुणी धुणं वाळत घालत असलं तरी तो फोटो मोठा करून त्यावर लाल गोल काढला जातो.

मोबाईलमध्ये आता सोय आहेच. नको त्या गोष्टीवरून बोट फिरवलं की ती नाहीशी होते. नवऱ्याला हे जमल्यापासून तो रात्रीच्या जेवणाआधी बसून फोटो साफ करतो. बायका पुसतो, पोरं पुसतो, म्हशी पुसतो. एका फोटोत त्यानं मेंढपाळ पुसला, पण त्याची काठी तशीच हवेत राहिली. मी ती दाखवली तर म्हणाला, एवढं बारीक कोण बघतंय.

आता सासूबाईंकडं येते. सासूबाईंचं माहेर मुरूमच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात कानडी, दारात मराठी. त्यांना एकच बहीण, पाठची, आणि ती त्याच गावात दिलेली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मावशीला यजमान नाहीत, एकटीच राहायची. पाय धड होते तोवर सासूबाई सणासुदीच्या मागंपुढं एसटीनं जाऊन चार दिवस राहून यायच्या. मग दोघींचेही गुडघे गेले आणि भेटी फोनवर आल्या. मागच्या हिवाळ्यात मावशीच्या मुलानं कळवलं की तो तिला कायमची हुबळीला नेणार, तिथं त्याची नोकरी आहे, गावातलं घर बंद करायचं. संक्रांत झाली की निघायचं.

 त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याशेजारी शेंगा फोडत बसल्या आणि म्हणाल्या, “आमा दोघीचा एक फोटू पायजे. एकाच फोटूत दोघी.”

सासूबाईंना मी आत्या म्हणते. मी म्हटलं, असतील की आत्या, एवढी लग्नं झाली घरात. त्या म्हणाल्या, एकबी न्हाय. मला पटेना. मी कपाटातले सगळे अल्बम काढून पलंगावर पसरले. खरंच नव्हता. माझ्या लग्नात मावशी दिवसभर आचाऱ्यांवर देखरेख करत मागं बसलेली. नणंदेच्या लग्नात सासूबाई कोठीच्या खोलीतून बाहेरच आलेल्या नाहीत. एका फोटोत दोघी शेजारी उभ्या आहेत, पण मावशीच्या तोंडापुढं नेमका कुणाचा तरी आहेराचं ताट धरलेला हात आला आहे. पन्नास लग्नं पार पाडणाऱ्या बायका, आणि फोटोच्या वेळी कुणाला त्यांची आठवण झाली नाही. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण ज्या घरात दर आठवड्याला मोबाईल गाडीच्या फोटोंनी भरून वाहतो, त्या घरात हा एक फोटो नव्हता.

जेवताना सासूबाईंनी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “काढू की आई. त्यात काय.”

येत्या रविवारी जायचं ठरलं. आमच्याकडं जुनी कार आहे. ती घेऊन तिघं जाऊ, असं मी धरून चालले होते. पण रविवारी तर राइड असते. नवऱ्यानं तोडगा काढला की तो ग्रुपलाच तिकडं घेऊन येईल, शिवेकडचा रस्ता फोटोला चांगला आहे, आणि आम्ही दोघींनी एसटीनं पुढं व्हावं. मी म्हटलं, आईच्या गुडघ्यांचं काय. तो म्हणाला, एसटीला आता पायऱ्या खाली आल्यात. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांना भांडण नको होतं, फोटो हवा होता.

तर आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. सासूबाईंनी ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं होतं आणि मांडीवर बहिणीसाठी शेंगापोळ्यांचा डबा होता. मुरूमच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग दिसली. आमचेच लोक. नवरा रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसून मोबाईल रोखत होता आणि मेडिकलवाला आमच्या ड्रायव्हरला जोरजोरात हात करत होता, लवकर काढा, लवकर काढा. आमची एसटी त्यांच्या फोटोत येत होती. सासूबाईंनी खिडकीतून हात हलवला. नवऱ्यानं पाहिलं नाही, तो एसटी जायची वाट बघत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण लागतो तुमचा? सासूबाई म्हणाल्या, “ल्योक हाय.” आणि मग बराच वेळ त्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिल्या.

मुरूमहून वडापच्या जीपनं आम्ही मावशीच्या दारात उतरलो. मावशी उंबऱ्यातच उभी होती. “बा अक्का, बा,” म्हणाली आणि सासूबाईंच्या हाताला धरून त्यांना आत नेलं. त्यापुढं दोघी जे काही बोलल्या ते कानडीत. मला कानडी येत नाही. पण इतकी वर्षं सासूबाईंबरोबर राहून मी त्यांना इतकं भरभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मधेच दोघी हसायच्या, मधेच एकदम गप्प व्हायच्या. अर्धं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना आता काही टांगलेलं नव्हतं.

मावशीचं घर दगडी, वर मातीचं सपाट माळवद, दर्शनी भिंतीला चुना आणि दाराला गडद निळा रंग. पुढचं अंगण मोकळं, सकाळचं ऊन डावीकडून तिरपं दाराशेजारच्या कट्ट्यावर. थंडी होती, म्हणून दोघी जाऊन कट्ट्यावर उन्हाला बसल्या. तेवढ्यात गाड्या आल्या. एवढ्या माणसांचा चहा आतल्या शेगडीवर होईना, म्हणून मी मागच्या अंगाला कडुलिंबाखालच्या चुलीवर पातेलं चढवलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मावशीनं आधीच काढून ठेवली होती. सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं. मग ढोकीवाल्याचं लक्ष निळ्या दाराकडं गेलं. आरं, काय बॅकग्राउंड हाय, म्हणाला. झालं. एकेक गाडी त्या दारापुढं यायला लागली.

नवऱ्याची पाळी आली तेव्हा मी चहाचं ताट घेऊन मागून घराच्या कोपऱ्याशी आले होते, त्यामुळं पुढचं सगळं मी पाहिलं. त्यानं गाडी दारापुढं तिरकी लावली आणि पाच-सहा पावलं मागं जाऊन मोबाईल धरला. कट्ट्यावर मावशीनं ते पाहिलं आणि सासूबाईंना काहीतरी म्हणाली. दोघी एकदम सावध झाल्या. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत जाऊन कपाळाला विभूती लावून आली. सासूबाईंनी पदर डोक्यावरून सारखा केला. मग मावशीनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी मोबाईलकडं बघत ताठ बसून राहिल्या. जुन्या बायका फोटोला बसतात तशा, न हसता. नवऱ्यानं तीनदा बटण दाबलं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल चक्क बरं वाटलं. गाडी मधे आली आहे, पण असू दे म्हटलं, शेवटी आईचा फोटो काढतोय, आणि पुढच्या रविवारी भजीही चारेल.

सासूबाईंनी विचारलं, “झालं का रं?”

तो मोबाईलमध्ये बघतच म्हणाला, “झालं आई. एक नंबर आलाय.”

मावशी मग हलली. निघताना दोघी रडल्या नाहीत. मावशीनं बहिणीच्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली आणि म्हणाली, फोटू धाडून दे. हे मात्र तिनं मराठीत म्हटलं, माझ्याकडं बघून.

पुढचे काही दिवस सासूबाई रोज विचारायच्या, फोटू कागदावर कवा येणार. नवरा म्हणायचा, देतो काढून. संक्रांत जवळ आल्यावर मीच म्हटलं, मला पाठवा, मी शाळेच्या रस्त्यावर स्टुडिओत देते. त्यानं पाठवला. मी उघडून पाहिला. निळं दार, पांढरी भिंत, कोवळं ऊन, अंगणावर छान लांब सावली आणि मधोमध गाडी. कट्टा रिकामा.

मी म्हटलं, हा नाही, आत्या आणि मावशी बसल्यात तो. तो म्हणाला, हाच की. मग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं दोघींना पुसलं होतं. त्याच रात्री, जेवायच्या आधी, सवयीनं, मेंढपाळ पुसतो तसंच. पुसायच्या आधीचा मूळ फोटो आणि बाकीचे दोन मोबाईल भरला म्हणून काढून टाकले होते आणि जिथं टाकलेलं परत मिळतं तीही जागा रिकामी केली होती. ग्रुपवर टाकल्यावर त्या फोटोला सगळ्यांत जास्त वाहवा मिळाली होती. मेडिकलवाल्यानं खाली लिहिलं होतं, झाडाची सावली काय पडलीय भावा.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, मला वाटलं आईचा वेगळा काढलाय. मी विचारलं, कधी काढला?  खरं म्हणजे त्या दिवशी त्यानं आईकडं पाहिलंच नव्हतं, फक्त आई कुठल्या कोपऱ्यात येतेय ते पाहिलं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

मग मी त्याच्याच मोबाईलवरून ग्रुपवर लिहिलं. नमस्कार, मी वहिनी. निळ्या दाराच्या फोटोत डाव्या बाजूला कट्ट्यावर दोन म्हाताऱ्या बसलेल्या होत्या. ज्यांच्या फोटोत त्या असतील त्यांनी कृपया न पुसता पाठवावे. मला आशा होती. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, एकाच्या तरी मोबाईलमध्ये असतील. पटापट फोटो आले. निळं दार आणि लाल गाडी. निळं दार आणि काळी गाडी. ढोकीवाल्याच्या फोटोत तर त्यानं कट्टासुद्धा पुसला होता. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून माझ्या सासूबाईंना आणि मावशीला वेगवेगळं पुसलं होतं, भजी चुकवण्यासाठी. मेडिकलवाल्याचा फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाला, आणि आपण तर दोघींना त्या वेळी आत बसायला सांगितलं होतं, म्हणून आपल्या फोटोत त्या आल्याच नाहीत. हे तो माफी मागताना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी नवरा दुकान बंद ठेवून कार काढून निघाला. मुरूमलाही पोचला नव्हता, तेवढ्यात मावशीच्या मुलाचा फोन आला. त्याला सुट्टी लवकर मिळाली होती, मावशीला घेऊन तो आदल्या संध्याकाळीच हुबळीच्या वाटेला लागला होता. घराला कुलूप.

सासूबाईंना हे सगळं मी सांगितलं, कारण मुलाला तोंड नव्हतं. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच. बोलणं बंद केलं नाही, ताटावरून उठल्या नाहीत, त्यामुळं तर घरात जास्तच जड झालं. व्हिडिओ कॉल लावून दिला, तर मावशीचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसला. सासूबाई म्हणाल्या, “ही लांबच हाय की.” आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

हुबळीला जाऊन फोटो काढावा, तर प्रवास लांबचा आणि सासूबाईंचे गुडघे मुरूमच्या फेरीनंतरच सुजलेले. डॉक्टरांनी बस आणि कार दोन्हींना सक्त मनाई केली होती. मावशीचीही तीच गत. तेव्हा ग्रुपनं एकत्र डोकं चालवलं. ही माणसं एकत्र डोकं चालवतात तेव्हा मला भीतीच वाटते. आईचा एक फोटो आणि मावशीचा आहेराच्या ताटाशिवायचा कुठला तरी एक, दोन्ही जोडून त्यांनी एक फोटो तयार केला आणि नवऱ्यानं तो मोठा करून, चौकटीत घालून आणला. दोघी शेजारी उभ्या. मावशी वीस वर्षांनी लहान, सासूबाई आताच्या. दोघींचे चेहरे गोरेपान करून टाकलेले. आणि मागं काय, तर बर्फाचा डोंगर आणि निळंशार तळं.

सासूबाईंनी चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. “आमी कवा गेलो हितं?” त्यांनी विचारलं. मग मावशीवर बोट ठेवून म्हणाल्या, “अन् ही हिच्या लेकीवानी दिसाय लागलीय.” चौकट त्यांनी पलंगाखाली सरकवली. नवरा दुकानात गेला. मला त्याची दया यायला हवी होती, पण त्या बर्फाच्या डोंगरानं मला दया येऊ दिली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तो तयार होत होता. एक पॅड गुडघ्याला बांधलेला, दुसरा हातात. सासूबाई कट्ट्यावर उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली आणि म्हणाल्या, तो पुसलेला फोटू दाव. तो म्हणाला, कशाला आई, त्यात तुम्ही न्हायत. त्या म्हणाल्या, दाव तर. त्यानं मोबाईल पुढं धरला. मी भांडी घासता घासता हात तसेच ओले घेऊन बघायला आले.

सासूबाईंनी गाडीकडं पाहिलंच नाही. त्यांनी अंगणावरच्या सावलीवर बोट ठेवलं. “ही काय हाय?”

“झाडाची सावली.”

“तितं झाड कुठं हाय रं? लिंब तर मागल्या अंगाला हाय.”

 नवऱ्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मीही वाकले. झाड नव्हतंच. तिरप्या उन्हात कट्ट्यापासून गाडीपर्यंत लांबलेल्या दोन सावल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकीच्या डोक्यावरच्या पदराचं टोक दिसत होतं. दुसरीचा हात पहिलीच्या खांद्यावर होता. इतक्या लोकांनी तो फोटो मोठा करकरून माणूस शोधला होता, आणि कुणालाच ह्या दिसल्या नव्हत्या. मलाही नाही.

सासूबाई बोटानं दाखवत होत्या. “ही मी. ही ती. हा तिचा हात.” मग मोबाईल त्यांनी मुलाच्या हातात परत दिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “आता ह्यातली गाडी पूस.”

 जिला कुणी टेकलेलं त्याला चालत नाही, जिच्या चिखलाचीसुद्धा तो काळजी घेतो, ती गाडी. मग तो हातातला पॅड बाजूला ठेवून आईशेजारी कट्ट्यावर बसला आणि बोट फिरवायला लागला. आधी गाडीच्या मागच्या सामानाच्या पेट्या गेल्या, मग सीट, मग टाकी. वेळ काही लागला नाही. सासूबाई मान वाकवून लक्ष देऊन बघत होत्या.

“चाक ऱ्हायलं,” म्हणाल्या.

त्यानं चाक पुसलं. मग गाडीची सावली राहिली होती, तीही पुसली. बाहेर रस्त्यावर मेडिकलवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला सांगितलं की आज यायला जमणार नाही, आणि दार लावून घेतलं.

सुधारला वगैरे काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा पॅड बांधून गेलाच, आणि कालच मी अंगणात मातीनं भरलेली बादली पाहिली. पण त्या फोटोच्या तीन प्रती काढल्या. एक हुबळीला गेली. एक सासूबाईंच्या उशाशी आहे. तिसरी नवऱ्यानं दुकानात, गल्ल्याच्या वर टांगली आहे. त्यात निळं दार आहे, रिकामा कट्टा आहे, मोकळं अंगण आहे आणि उन्हात पडलेल्या सावल्या. पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतं, थोडा वेळ डोळे बारीक करतं आणि विचारतं, मालक, हा फोटो कशाचा हाय?

आणि ज्या माणसाला फोटोत माणूस चालत नाही तो पाइप मोजता मोजता सांगतो, “आई अन् मावशी.”